धडा सातवा, पान चौऱ्याहत्तर

गणपती पेठेत, हळदीच्या गोदामाच्या वर
संध्याकाळी साडेसहाला माझा जर्मनचा वर्ग भरतो.
अकरा जण. नऊ नर्सिंगच्या मुली, दोन वेल्डर.
डिसेंबरात पुण्याला परीक्षा, मग व्हिसा,
मग जमलं तर विमान.
जिन्यातून हळद वर येते,
महिन्याभरात वह्यांच्या कडा पिवळ्या पडतात.

सातव्या धड्यात कचरा आहे.
चार डबे, चार रंग,
आणि एक कुटुंब, ज्यांच्या स्वयंपाकघरात
कधी काही सांडलेलंच नाही.
बाई दह्याचा डबा विसळून पिवळ्यात टाकते.
बाप्या हीटर दोन अंशांनी उतरवून स्वेटर चढवतो.
मुलगी रिकाम्या बाटल्या दुकानात परत देते,
नाणी मोजते, हसते.
खाली प्रश्न : तुम्ही पर्यावरणासाठी काय करता?
पूर्ण वाक्यात सांगा.

सन्मती मगदूम म्हणाली, मी हीटर कमी करते.
हीटर तिनं पाहिलाय तो याच पानावर.
पण क्रियापद जागच्या जागी होतं,
मी शाबास म्हटलं.

बाहुबली कवठेपिरानहून सायकलनं येतो.
त्यानं वाक्याला 'कारण' जोडलं :
कारण पेट्रोल परवडत नाही.
उत्तरसूचीत कारण वेगळं होतं.
अर्धा गुण कापला मी.
कापायला नको होता.

रझिया शिकलगार नुसती चित्राकडे बघत होती.
मग मराठीतच म्हणाली, मॅडम,
अब्बा विळ्यांना धार लावून देतात, कात्र्यांना पण.
बोथट झालेलं यातल्या कुठल्या डब्यात जातं?
आणि जरा थांबून,
चिखल?

यावर कुणी हसलं नाही.
आमच्या जिन्यात अकराव्या पायरीशी एक रेघ आहे.
मालकांनी दोनदा रंग दिला,
दोनदा ती वर आली.

शब्दांच्या यादीत तळाला एक लांबडा शब्द :
नाखहाल्टिश.
परीक्षेत हमखास येतो.
मी फळ्यावर लिहिलं, शाश्वत.
सगळ्या पाठी ताठ झाल्या, प्रवचनाला बसल्यासारख्या.
पुसून लिहिलं, टिकाऊ.
बाहुबलीला मिरज रोडचा बादलीवाला आठवला,
बादलीवर उभा राहून ओरडणारा.

तेव्हा हरिपूरची केतकी बोंद्रे बोलली,
जी एरवी हजेरीलाही नुसता हात वर करते :
आमचं पेव होतं. जमिनीत.
हळद ओतून तोंड लिंपून टाकायचे.
वीज नाही, औषध नाही,
वर्षं गेली तरी कीड नाही.
आजोबा मीठसुद्धा तसंच वापरायचे,
म्हणायचे, पुरवून पुरवून.

मग?
मग पूर आला, मॅडम. पेवात पाणी.

मी खडू हातात धरून उभी.
पुरे, पुरवणं, पुरून उरणं, आणि पूर.
परभाषेचे शब्द रोज सुटे करून दाखवते मी,
उपसर्ग इकडे, धातू तिकडे,
आणि माझ्या भाषेनं हे सगळं
एकाच पोत्यात भरून ठेवलंय,
वेगळं कुणी केलंच नाही.

यादीत मी पेन्सिलीनं लिहिलं : पुरवून.

पुस्तकं आमची झेरॉक्सची, चार बॅचेस वापरलेली.
उत्तरं पेन्सिलीनंच लिहायची,
जाताना खोडून पुढच्यांना द्यायची,
हा नियम माझा, पहिल्यापासून.
त्याला नाव असावं असं कधी वाटलं नव्हतं.

रझिया पास झाली.
तोंडी परीक्षेत तिनं हीटरच सांगितला.
जाताना पुस्तक नीट खोडून ठेवलं,
तरी चौऱ्याहत्तर पानावर खोडरबर अर्धवट फिरलेलं :
'वून' गेलं, 'पुर' राहिलं.

नव्या बॅचचा एक पोरगा ते उजेडात धरून विचारतो,
मॅडम, या शब्दाचा अर्थ पूर का?
मग ऱ्हस्व का लिहिलाय?

मी म्हणते, पूर्ण वाक्यात विचार.
आणि खिडकी लावायला उठते,
खाली हळद भरताहेत.